मुलांचे आसन, पालकांची साधना

जी वस्तू आपल्याजवळ नाही ती आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही, असा एक जुना सिद्धांत आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना तो आम्हांला पाठ करावा लागे. कार्यकारणभावाच्या चर्चेत त्याचे स्थान मोठे आहे. परंतु धर्मग्रामातील घराघरांत जाणे-येणे वाढले, जेवणाच्या वेळी, परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात कुटुंबे जवळून पाहता आली, तसतसे आम्हांला वाटू लागले की या सिद्धांताची खरी कसोटी वर्गात लागत नाही. ती आईबापांच्या आयुष्यात लागते.

'गप्प बस,' 'शांत राहा,' 'चित्त ठिकाणावर ठेव,' या आज्ञा आपल्या घरांतून रोज कितीदा दिल्या जातात आणि कोणत्या स्वरात दिल्या जातात, याचा प्रत्येक पालकाने एकदा विचार करावा. बहुधा त्या ओरडूनच दिल्या जातात. मुलाची फी, गणवेश, पुस्तके या गोष्टी बाप प्रसंगी कर्ज काढूनही पुरवतो. मनाचे स्वास्थ्य मात्र कोणाकडून उसने आणता येत नाही. ज्या घरात मोठ्या माणसांनाच दोन मिनिटे हातात फोन न घेता बसवत नाही, त्या घरात मुलाकडून एकाग्रतेची अपेक्षा करणे म्हणजे रिकाम्या कणगीतून धान्य मोजून मागण्यासारखे आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून मुलांना योगाचे काय फायदे होतात, यावर पुष्कळ बोलले व लिहिले जाते. शिकविणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. आईने किंवा बापाने स्वतःच्या मुलाला चार आसने आणि थोडे श्वसन शिकवायला घेतले, तर त्यांचे पालकपण सुधारते काय, आणि सुधारत असेल तर कशामुळे, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा प्रश्न आरोग्याचा आहेच. परंतु त्याहून अधिक तो नीतीचा आहे.

खानदेशातील माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. योगाची आधुनिक, शास्त्रीय तपासणी ज्यांनी सुरू केली त्या स्वामी कुवलयानंदांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे आपल्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे गेली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत त्यांचे शरीर घडले. १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थेत विद्यार्थ्यांना शिकविले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले. याच काळात, १९१९ साली, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. पुढे लवकरच आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तपासून पाहिले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले.

या हकिकतीत पालकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. गुणे हे शिक्षक होते, आणि तपासणीच्या वेळी त्यांचे विद्यार्थी त्यांच्या सोबत होते. मी सांगतो म्हणून माना, एवढ्यावर ते थांबले नाहीत. जे आपण मानतो ते खरे आहे काय, हे विद्यार्थ्यांसमवेत पाहण्याची त्यांची तयारी होती. शिकविणारा स्वतः कसोटीला उभा राहिला की शिकणाऱ्याचा विश्वास आपोआप वाढतो.

कुवलयानंदांनी १९२३ मध्ये अमळनेर सोडले आणि पुढल्याच वर्षी त्याच गावी, प्रताप हायस्कूलमध्ये, पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण शिक्षक आला. साने गुरुजी आसने शिकवीत नसत. परंतु विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडीत, अंथरुणे आवरीत, कपडे धूत. काही दिवसांतच मुले संकोचून ही कामे आपण होऊन करू लागली. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पण त्यातील आईची शिकवण ते अमळनेरच्या वसतिगृहात त्याआधीच वागून दाखवीत होते.

तिसरे नाव धुळ्याचे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते आणि २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी सहबंदींपुढे प्रवचने दिली. ती टिपून घेतली साने गुरुजींनी. सहावा अध्याय ध्यानयोगाचा. त्यावर बोलताना विनोबांनी चित्ताची एकाग्रता, जीवनातील परिमितता आणि सृष्टीकडे पाहण्याची मंगल दृष्टी यांचा विचार मांडला, आणि त्याच प्रवचनातील एका प्रकरणास 'बालक गुरु' असे नाव आहे. ध्यान शिकायचे तर मुलाकडे पाहा, त्याची एकाग्रता पाहा, त्याचा विश्वास पाहा, असा त्याचा आशय आहे. हे प्रवचन २७ मार्च १९३२ रोजी झाले. दिनदर्शिका काढून पाहिली तर तो त्या वर्षीचा ईस्टरचा रविवार होता. आपले पूर्वज त्या सकाळी पुनरुत्थानाची मिस्सा साजरी करीत असताना धुळ्याच्या तुरुंगात एक सत्पुरुष मुलाला गुरू करा असे सांगत होता. प्रभू येशूनेही, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण असा वाद शिष्यांनी काढला तेव्हा, एका बालकालाच त्यांच्या मध्यभागी उभे केले होते. अर्थात या दोन गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु शेजारच्या अंगणातून आपल्या ओळखीचा सूर ऐकू आला तर कान बंद करून घेण्याचेही कारण नाही.

या ठिकाणी काही वाचक आम्हांला थांबवून विचारतील, की कॅथॉलिक कुटुंबाने योग करावा काय? ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात असे म्हटले, की त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाही. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, संत तेरेसा ऑफ आविला यांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व बिशपांना एक पत्र पाठविले. कार्डिनल राट्झिंगर तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख होते. या पत्रात दोन्ही बाजू आहेत. अन्य परंपरांतील खऱ्या साधनपद्धती प्रार्थना करणाऱ्याला मनाच्या शांतीने देवापुढे येण्यास साहाय्यक ठरू शकतात, हे पत्र मान्य करते. त्याचबरोबर ते बजावते की शरीराला मिळणारे सुख म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये आणि शरीराच्या क्रियांचीच मूर्ती करून तिला पुजू नये. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण द्यायचे तर येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८ मध्ये 'साधना' हे पुस्तक लिहून देहभान आणि श्वास यांच्या आधाराने प्रार्थनेकडे जाण्याची वाट अनेकांना दाखविली. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, त्याच मंडळाने त्यांच्या काही विचारांविषयी सावधगिरीची सूचना काढली, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य, दार उघडे आहे, पण दाराशी विवेक उभा आहे.

आमच्या मते घरात मुलांसोबत आसने आणि साधे श्वसन करणे ही शरीराची शिस्त आहे आणि ती घेण्यास हरकत नसावी. आसन हे प्रार्थनेची जागा घेऊ शकत नाही. संध्याकाळची जपमाळ तिच्या ठिकाणी राहावी. शाळेत सूर्यनमस्काराच्या वेळी मंत्र म्हटले जात असतील आणि कुटुंबाच्या सदसद्विवेकबुद्धीला ते म्हणणे पटत नसेल, तर शिक्षकांशी आदराने बोलावे. मात्र दुसऱ्याचे मूल भक्तीने मंत्र म्हणत असेल तर आपल्या मुलाने त्याला हसू नये, हे शिकविणेही आपलेच कर्तव्य आहे.

आता घरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. सात-आठ वर्षांचे मूल आणि त्याचा बाप सतरंजी अंथरून शेजारी शेजारी उभे आहेत अशी कल्पना करा. गणिताचा अभ्यास घेताना बापाला उत्तर आधीच ठाऊक असते आणि मुलाला ते शोधायचे असते. तेथे बाप उंचावर व मूल खाली हे ठरलेलेच. सतरंजीवर मात्र उलटे होते. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे म्हटले की मूल हसत हसत ते धरते आणि बापाचे हात गुडघ्याच्या थोडे खाली जाऊन थांबतात. बापाने सांगायचे आणि मुलाने करायचे हा रोजचा क्रम येथे टिकत नाही, आणि तरीही बाप हा बापच राहतो. अधिकार आणि वरचढपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्रवचनातून समजणे कठीण. पण अंगठा हाताला लागत नाही तेव्हा ते लवकर समजते.

वृक्षासनाचे पाहा. एका पायावर उभे राहायचे, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला लावायचा, नजर समोरच्या एका ठिकाणी स्थिर करायची. दोघेही डुगडुगतात. बापाचा तोल जातो, तो पाय टेकतो, आणि काही न बोलता पुन्हा उभा राहतो. मुलाने आपल्या बापाला चुकताना आणि न चिडता पुन्हा सुरुवात करताना किती वेळा पाहिलेले असते? घटक चाचणीत गुण कमी पडले की वही दप्तराच्या तळाशी लपविणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. गुणांपेक्षा त्यांना घरात पडणाऱ्या आवाजाचे भय अधिक असते. ज्या घरात मोठी माणसे पडतात आणि उठतात हे मुलाने रोज पाहिले आहे, त्या घरात ती वही वर येण्याची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट पाहण्याची. आपण दिवसभर मुलाकडे पाहतो ते बहुतेक वेळा तपासणीसाठी. नखे कापली का, गृहपाठ झाला का, डबा संपविला का, हे पाहताना मूल दिसतेच असे नाही. भुजंगासन करताना मुलाचे खांदे कानांपर्यंत चढले आहेत काय, त्याने श्वास रोखून धरला आहे काय, कपाळाला आठी पडली आहे काय, हे पाहावेच लागते. असे आठ दिवस पाहिल्यावर आईला कळते की याचा एक खांदा दप्तराने खाली ओढला गेला आहे, किंवा परीक्षा जवळ आली की हिचा श्वास छातीतच अडकतो. ही माहिती कोणत्याही प्रगतिपुस्तकात छापून येत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. मुलाचे आसन सुधारायचे तर हाताने स्पर्श करावा लागतो. 'हात लावू का?' असे विचारून, पाठीवर हलका तळवा ठेवून, तो जिथवर सहज जाईल तिथवरच त्याला जाऊ द्यायचे. जोर केला तर स्नायू दुखावतो, हे शरीरशास्त्र आहे. आता हे आठवावे की आपल्या पुष्कळ घरांत मोठ्यांचा हात मुलाच्या अंगाला लागतो तो धपाट्याच्या रूपाने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेवर व मानसिक छळावर बंदी घातली. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र 'माझेच मूल आहे, मी मारीन' असे आजही अभिमानाने बोलले जाते. आपल्या ख्रिस्ती घरांतूनही बोलले जाते. संत पौलाने आपल्या पत्रांतून बापांना, मुलांचे मन खचेल अशा रीतीने त्यांना डिवचू नका असे बजावले आहे. कुटुंबे तो उतारा मिस्सेत ऐकतात आणि घरी जातात. सकाळी ज्या हाताने मुलाच्या पाठीचा कणा जपून सरळ केला, तोच हात संध्याकाळी त्याच पाठीवर उगारायचा झाल्यास तो क्षणभर तरी अडखळेल, असे आम्हांला वाटते. त्या एका क्षणाचे मोल फार आहे.

चौथी गोष्ट श्वासाची. सावकाश, लांब उच्छ्वास सोडला की हृदयाची गती थोडी मंदावते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. लहान मुलाचा वेग याहून अधिक असतो. म्हणून बापाने आपला आकडा मुलावर लादायचा नसतो. लहानांना श्वास दीर्घकाळ कोंडून ठेवायला लावू नये, शीर्षासनासारखी अवघड आसनेही जाणत्या शिक्षकाशिवाय करवू नयेत. भ्रामरीत भुंग्यासारखा गुणगुणणारा आवाज काढीत श्वास सोडायचा असतो, तो मुलांना फार आवडतो. मुलाला 'सावकाश' म्हणताना स्वतः सावकाश व्हावेच लागते. घाईने म्हटलेल्या 'सावकाश'चा उपयोग होत नाही. मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या गुरांची उपमा देणाऱ्या बहिणाबाई आपल्या जळगावच्याच. अशी गुरे मुलाच्या मनात असतात आणि बापाच्याही मनात असतात, याची कबुली दोघे मिळून देतात ती येथे.

परंतु आमच्या पहिल्या सिद्धांताला येथे एक गंभीर आक्षेप येतो. जे जवळ नाही ते देता येत नाही, हे खरे मानले तर ज्यांच्याजवळ शांती नाही त्यांनी काय करावे? रात्रपाळी करून भुसावळच्या यार्डातून परतणारा बाप, दिवसभर कपाशी वेचून पाठ मोडलेली आई, व्यसनाशी झगडणारा आणि पुन्हा पुन्हा हरणारा माणूस, यांनी मुलांना काहीच शिकवू नये काय? स्वतः पूर्ण झाल्यावर मग शिकवीन असे म्हटले तर जगात एकही आईबाप शिकविण्यास पात्र ठरणार नाहीत.

याचे उत्तर आम्हांला ॲरिस्टॉटल व संत थॉमस यांच्या सद्गुणविचारात सापडते. सद्गुण हा जन्मतः हाती येत नाही. तो पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून अंगी मुरतो. न्यायाने वागत वागत माणूस न्यायी होतो. पतंजलीनेही चित्त आवरण्याचे उपाय सांगताना अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली. म्हणजे 'जवळ असणे' दोन प्रकारचे आहे. एक, वस्तू पूर्णपणे मिळालेली असणे. दुसरे, तिच्या वाटेवर रोज चालत असणे. आईबापांजवळ पूर्ण शांती नसेल. शांतीचा अभ्यास तर असू शकतो ना? आणि मुलाला द्यायचा तो हाच. सिद्धांत मोडत नाही, फक्त देण्याची वस्तू बदलते. मुलाला संत बाप लागत नाही. आपला बाप कालच्यापेक्षा आज थोडा कमी ओरडला आणि त्यासाठी तो काही खटपट करीत आहे, एवढे दिसले तरी मूल पुष्कळ शिकते.

या मार्गात धोकेही आहेत. पहिला धोका असा की योगाचाच दंडुका होतो. 'फार मस्ती करतोस, दहा सूर्यनमस्कार घाल,' असे म्हटले की आसन ही शिक्षा झाली आणि मुलाच्या मनातून ते कायमचे गेले. दुसरा धोका स्पर्धेचा. अंग लवचिक असलेल्या मुलीला पदकांसाठी पिळणे आणि गणितात हुशार असलेल्या मुलाला खाजगी शिकवण्यांतून फिरविणे या दोहोंत फरक नाही. तिसरा धोका देखाव्याचा. वर्षातून एक दिवस पांढरे कपडे घालून छायाचित्र काढून घेतले म्हणजे साधना होत नाही. पतंजलीच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे, त्याच्या आधी यम व नियम येतात आणि यमांत अगदी पहिली अहिंसा, दुसरे सत्य. घरात शिवीगाळ आहे, दारावर आलेल्या वसुली करणाऱ्याला 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असे मुलाकडून वदवून घेतले जाते, आणि सकाळी मात्र पद्मासन चालू आहे, तर पहिल्या दोन पायऱ्या गाळून जिना चढण्याचा तो प्रकार होय.

आसन कसे असावे, याविषयी पतंजलीने दोनच गुण सांगितले आहेत. ते स्थिर असावे आणि सुखद असावे. पालकपणालाही हे दोन्ही हवेत. केवळ स्थिरता असली तर घराचा तुरुंग होतो. केवळ सुख असले तर मुलाला आधार उरत नाही. पतंजली आणखी एके ठिकाणी चार वृत्ती सांगतो. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगले वागणाऱ्याविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. यातील शेवटचा शब्द आज आपण हेळसांड या अर्थाने वापरतो. मूळ अर्थ वेगळा आहे. दुसऱ्याच्या दुर्गुणाने आपले चित्त गढूळ होऊ न देणे, ही ती उपेक्षा. मुलाने हट्टाने ताट लोटले तर त्याला ते उचलायला जरूर लावावे, पण त्या क्षणी आपले मन त्याच्या रागाच्या पातळीवर उतरू देऊ नये. मुलाला सोडून देणे निराळे आणि आपला राग सोडून देणे निराळे. चांगले वागणाऱ्याविषयी आनंद ही वृत्तीही आपल्या घरांत दुर्मीळच. चूक तत्काळ दाखविली जाते. चांगले वागणे गृहीत धरले जाते.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. हे काम आईच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होऊ नये. बहुतेक घरांत मुलांचे सर्वच आईकडे लोटले जाते, आणि योगही तिच्याकडे लोटला तर तिने ध्यान करायचे केव्हा? म्हणून बापांनी पुढे यावे, असा आमचा आग्रह आहे. ज्या कुटुंबांतील आईबाप उसतोडीसाठी काही महिने परजिल्ह्यांत जातात, तेथे मुले आजी-आजोबांजवळ असतात. आजोबांनी खाटेवर बसून नातवाबरोबर दहा सावकाश श्वास घेतले तरी चालेल. वेळ वीस मिनिटांहून अधिक नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वी गच्चीवर किंवा अंगणात करावे. पोट रिकामे असावे, फोन घरात ठेवावा. ताडासन, वृक्षासन, मांजरीसारखी पाठ वर-खाली करणे, भुजंगासन आणि शेवटी शवासन एवढे पुरे. रोज एक आसन मुलाने शिकवावे आणि मोठ्यांनी त्याचे ऐकावे. कोणी आजारी असेल, पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

शवासनाच्या वेळी मुले बहुधा चुळबुळ करतात, डोळे किलकिले करून आपली आई खरोखर डोळे मिटून पडली आहे की नाही, हे पाहतात. त्यांना पाहू द्यावे. आईनेही खरोखर डोळे मिटून पडावे. त्या पाच मिनिटांत भाजीचा विचार येईल, हप्त्याचा येईल, तो आला की पुन्हा श्वासाकडे परतावे. कोणी इच्छील त्याने उठण्यापूर्वी एक छोटीशी प्रार्थना म्हणावी आणि मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. महिनाभर हे करून पाहा, आणि त्यानंतर एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्हांला भेटून सांगा, की घरातला आवाज थोडा खाली आला की नाही. मुलांनाही वेगळे विचारा. त्यांचे उत्तर अधिक विश्वसनीय असेल.